दिवा लागतोय ना!

वहिनीला डेपोत सगळे 'तोफ' म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. ती रुग्णवाहिका चालवते, मी तिच्याच गाडीवर मदतनीस आहे, आणि गाडीची दुरुस्ती ज्याच्या हाताखाली होते तो फोरमन म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, तिचा नवरा. एका घरातली तीन माणसं एकाच गाडीला बांधलेली. लोक म्हणतात, किती छान! डोंबलाचं छान.

दादा स्वभावाने गोड. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात बसतच नाही. गाडी कधी मिळेल? झालीच समजा. ब्रेक बघितले का? बघितले की. साहेब खूश, ड्रायव्हर खूश. असल्या गोड माणसांचा मला हल्ली मनस्वी संताप येतो. गोड यांनी बोलायचं आणि निस्तरायचं दुसऱ्यांनी.

आम्हाला ज्या वस्तीवर नेहमी जावं लागतं ती खोलगटात आहे. तिथून वर यायला मातीचा एक लांब चढ आहे. चिखल झाला की नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर गाडी चढत नाही, चारही चाकांनी ओढावं लागतं. त्यासाठी खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेले खटके हाताने फिरवायचे, मग आत बसून गिअरशेजारचा छोटा दांडा टाकायचा. दांडा टाकला की समोर हिरवा दिवा लागतो. वहिनी कितीतरी दिवस दादाच्या मागे लागली होती.

"अहो, पुढची चाकं ओढत नाहीत. मला स्टिअरिंगवर कळतं."

"दिवा लागतोय ना?"

"लागतोय."

"मग झालं तर! तुला आपलं उगाच वाटतं."

आणि हसायचा. ते हसणं आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

मग ते झालं. पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन आम्ही तो चढ चढत होतो. वहिनीने खटके फिरवले, दांडा टाकला, दिवा लागला. निम्म्यावर आल्यावर मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवायला लागली आणि गाडी मागे घसरली. वहिनीने ती कशीबशी बांधाला टेकवली म्हणून आम्ही खालच्या ओढ्यात गेलो नाही. मी म्हाताऱ्याच्या अंगावर आडवा पडून त्याला धरून ठेवलं होतं. तो जे ओरडला ते माझ्या कानातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. "गाडीत काही दोष?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने वहिनीकडे बघितलं, मग साहेबांकडे. "गाडी ठीक आहे साहेब. दिवा लागतो. ड्रायव्हरने चढावर ॲक्सिलरेटर जास्त दिला असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रायव्हर म्हणे! सकाळी जिच्या हातचा चहा पिऊन आला तिच्यावर खापर फोडताना याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. साहेबांना तेवढंच हवं होतं. वहिनीला गाडीवरून उतरवून सोमवारपासून फोनवर बसवायचं ठरलं.

बाहेर आल्यावर तोफ फक्त एवढंच म्हणाली, "फोरमन, जॅक आणा." त्या दिवशी तिच्या तोंडचं 'अहो' गेलं ते गेलंच. मग मला म्हणाली, "भाऊजी, साहेबांना बोलवा."

साहेब हातात चहाचा कप घेऊनच आले. वर्कशॉपमधले सगळे हातातली कामं टाकून गोळा झाले. वहिनीने मागच्या चाकांना ओंडके लावले, पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून गाडीखाली स्टँड दिले. खटके फिरवले, गाडी गिअरमध्ये ठेवली, दांडा टाकला. इंजिन बंद, चावी चालू. दिवा लागला.

"डावं चाक हाताने फिरवा."

दादाने फिरवलं.

"उजव्याने काय करायला हवं?"

"उलटं फिरायला हवं," दादा पुटपुटला.

"साहेबांना ऐकू येऊ दे."

"उलटं फिरायला हवं."

"फिरतंय?"

उजवं चाक ढिम्म. दादाने डावं आणखी जोरात फिरवलं, जसं काही उजव्याला त्याची कीव येणार होती. समोर दिवा हिरवागार.

वहिनीने उजवा खटका उघडला. आतले दाते झिजून गुळगुळीत झाले होते. बाहेरून फिरत होता, आत काही धरत नव्हता. एका चाकाने असं अंग काढून घेतलं की पुढचा सगळा जोर तिकडूनच वाया जातो. दिव्याला फक्त दांडा कळतो, चाकं कळत नाहीत. हे दादाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्याने कधी जॅक लावलाच नव्हता.

"माझं चुकलं साहेब," तो म्हणाला. "मी बघितलंच नव्हतं."

"बरं, दुरुस्त करा. यांनाच राहू दे गाडीवर," साहेब म्हणाले, उपकार केल्यासारखे, आणि उरलेला चहा प्यायला निघून गेले. वहिनीची माफी मागायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नवा खटका बसल्यावर आम्ही तिघे त्याच चढाखाली गेलो. वहिनीने मागचं दार उघडलं.

"झोपा स्ट्रेचरवर."

"मी?" दादा म्हणाला.

"तो म्हातारा तिथेच होता. भाऊजी, पट्टे बांधा."

मी बांधले. जरा जास्तच घट्ट बांधले. गाडी निघाली, निम्म्यावर एकदा कचरली, मग पुढच्या चाकांनी माती धरली आणि ती सरळ वर गेली. दादाला आडवं पडून काही दिसत नव्हतं.

"चढली का गं? सांग ना, चढली?"

वहिनीने मागे वळून बघितलं नाही. "दिवा लागलाय," ती म्हणाली.

वहिनी अजून गाडीवर आहे. दादाही आता प्रत्येक गाडीला जॅक लावतो. पण परवा जेवणं झाल्यावर तो सहज म्हणाला, "गॅस बंद केलाय गं." वहिनी "बरं" म्हणाली, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन बघून आली. गॅस बंदच होता. दादा ताटाकडे बघत बसला. मला त्याची दया आली नाही.