कागदावरची खानावळ

कानामागची पेन्सिल काढायची, समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "कागदावर उतरवा. मंग पाहू." आमच्या शेजारच्या खोलीतल्या ड्राफ्ट्समनची ही सवय. भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते पायाचे नकाशे काढायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा डोकेखाऊ माणूस असेलच; बेत सांगावा, तर आधी प्रश्नच विचारणारा.

पलीकडच्या फिटरला बकरी घ्यायची होती. त्यालाही यांनी लिहायला बसवलं. चारा, पाणी, दूध, सगळं लिहून झालं आणि "बकरी झोपन कुठं?" इथं गडी अडला. एक खोली, त्यात एकच खाट. बकरी घ्यायची राहिली ती राहिलीच.

मला मात्र खानावळ काढायची होती. मरोद्याच्या बाजूला बांधकामवाल्यांच्या झोपड्याच झोपड्या, बहुतेक सगळे एकटे आलेले. माझ्या हातचा झुणका खाऊन माणसं बोटं चाटायची. आमचे हे तर प्लांटमधली कायम नोकरी सोडायला निघाले होते. पदरात दोन पोरं, आणि राजीनामा लिहून खिशात!

ड्राफ्ट्समन भाऊजींनी विचारलं, "वैनी, राजीनामा लिवला, मंग खानावळ कावून नाही लिवली?"

असा राग आला म्हणता! मी चौथी शिकलेली. म्हटलं, "भाऊजी, भाकर तव्यावर होते, कागदावर नाही होत."

"तरी लिवा. अन् तुमीच लिवा. मी लिवून देनार नाही."

तीन संध्याकाळी डोकं शिणवलं. पाणी कुठून आणायचं, पोरं कोण पाहणार, पहिल्या पाळीवाल्यांना किती वाजता वाढायचं. शेवटी जेवणाऱ्यांची नावं. ती मी धडाधड लिहिली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका नावावर काट मारत गेले. पाया खोदणारे, क्रेनवाले, लोखंड जोडणारे.

"अवो, हे कावून खोडून राहिले?"

"कारखान्याची भट्टी पेटली का हे जातीन, वैनी. बांधनारे जातेत, चालवनारे राहतेत. झोपड्या बी उठतीन. मंग जेवाले कोनाले वाढान?"

रोज ती गर्दी पाहून आम्हाला ती कायमचीच वाटायची.

खाली एकच नाव उरलं होतं. त्यावरही त्यांनी काट मारली.

"हे तं तुमी, भाऊजी!"

"मी बी बांधनाऱ्यातलाच."

राजीनामा चुलीत गेला. जागा आम्ही सुपेल्यात घेतली, चालवणाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. हे पाळी सांभाळून मदत करायचे. मरोद्याला ज्यांनी ताटं मांडली, त्यांना पुढं चुली उचलाव्या लागल्या. माझी दोन्ही पोरं मात्र त्या सुपेल्यातल्या चुलीवरच शिकली. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत, हे मी आजही म्हणते.

भट्टी पेटली आणि भाऊजी ट्रंक घेऊन दुसऱ्या गावच्या बांधकामावर निघाले. मी डबा बांधून दिला.

पुढल्याच आठवड्यात त्यांच्या खोलीत एक ऑपरेटर राहायला आला, कायम नोकरीचा. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला बसला. कागदावर ठरलं होतं, अगदी तसंच घडलं. त्याला वाढता वाढता मला रडूच फुटलं.

"मिर्ची लग गई क्या, भाभी?" तो बिचारा घाबरून विचारत होता.

मी हो म्हटलं आणि त्याला आणखी एक भाकर वाढली.