नजीरच्या शेजारची खुर्ची

आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडून जमाना झाला. पण आम्ही जुने गडी मिसळीच्या टेबलावर बसलो की किस्से काही संपत नाहीत. एकजण सांगायला लागतो, दुसरा "अरे, तसं नव्हतं" म्हणून मध्येच तोडतो, आणि फिरून फिरून गाडी येते ती नजीरवरच! मी ऑर्केस्ट्राचा निवेदक. त्यामुळं माइक अजून माझ्याच हातात असतो.

दिवस बेलबॉटमचे. नजीर कागलच्या टेलरचा मुलगा. पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज एकाच गळ्यातून काढायचा. सुभाष आमचा अ‍ॅकॉर्डियनवाला. या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. सरळच सांगतो, कारण तेव्हा कुणी सरळ सांगत नव्हतं. आम्ही सगळे ओळखून होतो आणि चहा मागवत होतो.

*

उचगावात नजीरनं द्वंद्वगीत एकट्यानं म्हटलं. गाव हटून बसलं, पडद्यामागं बाई हाय म्हणून! एक पावणं तरातरा स्टेजवर चढले आणि त्यांनी पडदा बाजूला केला. त्या गाण्यात अ‍ॅकॉर्डियन नव्हता, म्हणून मागं सुभाष भजी खात बसला होता.

पावण्यांनी माझा माइक ओढला. "आत बाई न्हाय! एक गडी हाय!"

नजीर शांतपणे म्हणाला, "एवढाच हाय, पावणं."

टाळ्या पडल्या. सुभाषला असा ठसका लागला की पाणी पाजावं लागलं.

*

आमची तालीम पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि त्यात पीठ तरंगत राहायचं. नजीर डोळे मिटून हळू गायला लागला की खाली दळण घेऊन आलेल्या बायका डबे टेकून तशाच उभ्या राहायच्या. आपण कोल्हापुरात आहोत हेच विसरायला व्हायचं.

तासाभरात सगळ्यांचे केस पांढरे. एकदा नजीर सुभाषकडं बघत म्हणाला, "म्हातारपणी असाच दिसणार तू."

सुभाष अ‍ॅकॉर्डियनचा भाता ओढत म्हणाला, "बघायला थांबणार हायस का?"

त्या दिवशी पुढची तालीम काही झाली नाही.

*

मग नाव झालं. नजीर रंकाळ्यावर फिरायला गेला की मागं सायकलींची रांग. कॉलेजच्या पोरी वहीवर सही घ्यायच्या. एकीनं धीर करून विचारलं, "एवढं जीव तोडून कुणासाठी गाता हो?"

"अ‍ॅकॉर्डियनसाठी."

"अय्या! किती ती साधना!"

*

शिरोळला गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए बायल्या!"

वाद्यं थांबली. नजीर हसला. "पावणं, बाई बी मीच, बाप्या बी मीच. तुम्ही मात्र तिकीट एकच काढलंय!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी! पण स्टेजमागं आला तेव्हा त्याला चहाचा कप धरवेना. सुभाषनं बशी त्याच्या ओठाला लावली. मी बाहेर निवेदन लांबवलं. शिरोळच्या उसावर काय काय बोललो, देवाला ठाऊक.

*

मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. आवाजावर खूश. म्हणाला, "फक्त तो अ‍ॅकॉर्डियनवाला इथंच सोडा आणि लवकर लग्न करा. लोक कुजबुजतात."

नजीर आमच्यादेखत सुभाषला म्हणाला, "संगं ऱ्हातो म्हण. कंपनीला आत्ता न्हाय म्हणतो. पण तोंडानं म्हण की, लेका!"

सुभाष अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा घट्ट करत बसला. घरी आईबाप, भोवती गल्ली. मला सगळं कळत होतं. तरी असा राग आला म्हणून सांगू! एक शब्द जड झाला होता गड्याला. नजीरनं मुंबईची तयारी केली.

*

जायच्या आधी कागलच्या मंडळानं सत्कार ठेवला. दुपारी चारची वेळ, मांडवाच्या कापडातून पिवळं ऊन झिरपत होतं. आपल्याकडं सत्कार जोडीनं करायची पद्धत. त्याला शाल, तिला खण-नारळ. मंडळानं सवयीनं दोन खुर्च्या मांडल्या. आणि माझी जीभ! तीही सवयीनं बोलून गेली, "सत्कारमूर्ती नजीरभाईंनी सपत्नीक स्थानापन्न व्हावं!"

लोक फिदीफिदी हसायला लागले. नजीर एकटाच जाऊन बसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला. बघवत नव्हतं.

सुभाषनं गळ्यातला अ‍ॅकॉर्डियन काढून खाली ठेवला. पुढच्या रांगेत त्याचे वडील बसलेले. त्यांच्यासमोरून तो चालत गेला आणि त्या खुर्चीवर बसला.

हसणं थांबलं. अध्यक्षांची म्हातारी आई, आक्का, खण-नारळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं नजीरकडं बघितलं, मग सुभाषकडं. मी माइक खाली केला.

आक्का सुभाषपुढं जाऊन थांबली.

"बघत काय बसलास रं? पदर न्हाय तर रुमाल पसर की!"