पादुआहून आणलेलं तीर्थ

आमच्या शेजारच्या शोभाला पाणी दिसलं की हात जोडायची खोडच होती. सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या तिच्या देव्हाऱ्यात छोट्या बाटल्यांची रांग असायची: नाशिकचं पाणी, गाणगापूरचं, इथल्याच हेलेन्सबर्गच्या देवळातलं. दिवसभर पॅरामॅटाच्या ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी आलं की नवऱ्यापुढे तीर्थाचा चमचा धरायचा. नंदू पक्का नास्तिक. नळाचं पाणी फिल्टर करून पितो आणि हे बिनगाळलेलं कशाला, असं चिडवून तोंड फिरवायचा. संसारभर ही कुस्ती चालली आणि जिंकायचा तोच.

मग नंदूचं अर्धं फुप्फुस काढावं लागलं. त्याच उन्हाळ्यात बुशफायरचा, रानातल्या वणव्यांचा, धूर आला, तेव्हा शोभाने खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून त्याला जपलं. साधी सर्दीसुद्धा याला झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तिलाही पाठ होतं आणि मलाही.

धूर ओसरला आणि नंदूनेच तिला जबरदस्तीने रजा घ्यायला लावली. लेक यामिनी इटलीत, पादुआच्या जुन्या युनिव्हर्सिटीत एक्स्चेंजवर शिकायला गेलेली. चार दिवस जाऊन ये, शहर बघ, पोरीच्या हातचं खा, म्हणाला. चीनमधल्या नव्या साथीच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. ही फिरायची वेळ नव्हे, असं मी तोंडावर सांगितलं. पण मी बोलले की सगळ्यांना वाटतं, चित्रलेखाची नेहमीची किरकिर. नंदूच्या डब्याचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

तिथून रोज फोटो यायचे. दगडी कमानींखालचे रस्ते, घड्याळाचा मनोरा, चित्रांनी भरलेलं निळं छत. हळूहळू फोटोंतली माणसं कमी व्हायला लागली. शेवटी शेवटी तर अख्खा चौक रिकामा. किती शांत आहे गं इथे, असा तिचा खुशीतला मेसेज. 

एका गल्लीतल्या छोट्या चर्चच्या दाराशी पाण्याने भरलेला संगमरवरी वाडगा होता. येणारा-जाणारा त्यात बोटं बुडवून कपाळाला लावत होता. शोभाने काय करावं? हाताचा पसा करून पाणी घेतलं, प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. "आई, डोन्ट, प्लीज," करत यामिनी तिला ओढत राहिली. पण बाई ऐकते कशाला! पर्समधून बाटली काढली आणि नंदूसाठी भरून घेतली.

निघायच्या दिवशी ती पुन्हा गेली, तर वाडगा कोरडा, पुसून लख्ख केलेला. तिथल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने तिला हाताच्या खुणेनेच लांब उभं केलं. जवळच्या गावात एकजण दगावलाय आणि गावाचे रस्ते बंद केलेत, असं तो यामिनीला म्हणाला. शोभाला वाटलं, बरं झालं, आपण आधीच भरून घेतलं.

सिडनीच्या विमानतळावर सुपारी आहे का, बिया आहेत का, सगळं विचारलं. इटलीचं कुणी काही विचारलं नाही. नियम अजून यायचे होते.

ती आली तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. बॅग न उघडता तिने आधी चमचा घेतला. मी म्हटलं, अगं, थोडे दिवस त्याच्यापासून लांब राहा, ते पाणी ओतून दे. मेलीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, नंदू नेहमीसारखा तोंड फिरवेल. त्याने तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"एवढ्या लांबून माझ्यासाठी आणलंस," तो म्हणाला. "दे."

त्याने तोंड उघडलं. शोभाला रडूच फुटलं. तिने त्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं, आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

आठवडाभरात नंदू खोकायला लागला. शोभा ठणठणीत. हॉस्पिटलमध्ये तिला काचेपलीकडून बघू दिलं, नंतर तेही बंद झालं. नंदू गेला तेव्हा यामिनी पादुआत खोलीत कोंडलेली होती. तिने बापाला फोनवरच निरोप दिला. अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं लांब लांब खुर्च्यांवर बसलो होतो. रडणाऱ्या शोभाला कुणी जवळ घ्यायचं नव्हतं. पाण्याने झालं, मिठीने झालं की आणखी कुठून आलं, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. तिने विचारलंच नाही. आपल्याच हातून झालं, हे तिचं ठरलेलं होतं.

त्यानंतर एका सकाळी मी तिच्या दारात डबा ठेवला आणि मागे सरकले. जाळीच्या दारातून देव्हारा दिसत होता. ती इटलीची बाटली तोंडाला लावून उभी होती. मी ओरडले. तिने शेवटचा थेंब संपवला, बाटली रांगेत परत ठेवली आणि तिथेच पाटावर बसली.

पुढे रोज मी डबा ठेवायचे आणि आतून खोकला येतो का, ते कान देऊन ऐकायचे. शेवटी राहवेना. बरं वाटत नाहीये का, असं मी जाळीपाशी विचारलं.

"मला काही होत नाही गं, चित्रा," ती आतून म्हणाली. "इतकं प्यायले, मला काहीच होत नाही."