पिवळ्या पळसाचा पत्ता

माझी धाकटी बहीण पुण्यात राहते आणि वर्षातून एकदा परदेशात जाते. दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच अभिमान. तीन वर्षांपूर्वी ती जपानला गेली, चेरीची फुलं बघायला. सहा दिवस घरच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता मारा चालला होता. गुलाबी झाडं, गुलाबी तळं, आणि प्रत्येक फोटोत शेदीडशे माणसांची डोकी. एका फोटोत तर बहीणच शोधून काढावी लागली. शेवटच्या दिवशी तिनं लिहिलं, "ताई, असा वसंत तुझ्या हिंगोलीत नाही गं बघायला मिळायचा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लगेच माझ्या फोनमधला एक फोटो ग्रुपवर टाकला. पिवळ्याधमक फुलांनी लगडलेला पळस, खाली मोकळा माळ आणि माणूस एकही नाही. त्याखाली लिहिलं, "आमच्याकडे एकच झाड आहे, पण त्याच्यासमोर रांग लावावी लागत नाही."

तो फोटो टाकायचा मला अधिकार नव्हता. का नव्हता, ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

मला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासर कुरुंद्याकडचं, हळदीच्या शेतांचं. तिथं उन्हाळ्यातही पायाखाली ओल असायची. आणि शाळा मिळाली सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर. सेनगावात एक खोली भाड्यानं घेतली. तिथून जीपनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं माळावरून पाऊण तास पायी. शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता आणि मी. फाल्गुन लागला तसं ऊन तापायला लागलं आणि माझा धीर सुटला. बदलीचा अर्ज लिहून मी पर्समध्ये ठेवला होता. जीपवाल्याला तेवढं सांगितलं होतं, म्हणजे सगळ्या तांड्याला सांगितल्यासारखंच होतं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वर्गातच बसून राहिले होते. पहिलीतल्या एका मुलीची आई तिला न्यायला आली. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला अक्का म्हणायचे. घरात ती माणसं गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत, माझ्याशी मात्र मराठीत.

"बाई, रडून राहिल्या का तुमी?"

"नाही हो अक्का, धूळ गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यात बराबर गेली व्हय?"

मला हसू आलं. मग ती म्हणाली, "चला, एक गोष्ट दाखवते. पर कुणाला सांगायचं न्हाई."

"काहून?" मी विचारलं. तो शब्द तोवर माझ्याही तोंडात बसला होता.

"आधी चला तं."

तांड्याच्या मागून आम्ही नाल्याच्या कडेकडेनं निघालो. लाल पळस तिकडे धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधाबांधावर, फुललेला असतो, त्याचं कुणाला काही कौतुक नाही. होळीला फुलं उकळून रंग करायचा, पानांच्या पत्रावळ्या लावायच्या, मुळ्या कुटून दोर वळायचे, की संपलं. मीही त्याच्याकडे न बघताच चालत होते. नाल्याचं दुसरं वळण घेतलं आणि समोर ते झाड आलं. सगळं पिवळं. माझ्या सासरी हळद शिजवून, वाळवून, घासून काढली की जो रंग येतो, अगदी तो. पान नावाला नव्हतं. फांदीफांदीवर साळुंक्या बसून फुलात चोच घालत होत्या आणि एक खार उलटी लटकून मध पीत होती. मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं आणि मी पुन्हा रडले. या वेळी धुळीचं नाव घेतलं नाही.

अक्कानं मला मनसोक्त रडू दिलं. मग कारण सांगितलं. पिवळ्या पळसाची मुळी हातात धरली की जमिनीतलं गुप्तधन दिसतं, अशी लोकांची समजूत. कळलं की येतात, मुळ्या खणतात, साली सोलतात, नाही नाही त्या पूजा मांडतात, आणि झाड मरतं. तिच्या सासऱ्यानं ते झाड राखलं होतं आणि मरताना घरच्यांना बजावलं होतं की बाहेर बोलायचं नाही.

"मग तुम्हाला दिसलं का धन?"

"सासऱ्याला धन दिसलं असतं तं आमी ह्या माळावर कायला ऱ्हायलो असतो बाई?" ती म्हणाली. मग जरा गंभीर होऊन, "तुमाला दाखवलं ते तुमी ऱ्हावं म्हणून. माझी पोरगी तुमच्यापाशी लिहून राहिली. तुमी गेल्या तं ती बी बकऱ्यामागं जाईल."

आपल्या घरची इतकी जपलेली गोष्ट तिनं मला थांबवण्यासाठी उघड केली होती. अर्ज मी सेनगावला पोचायच्या आत फाडला. त्या शाळेवर मी अकरा वर्षं काढली आणि तिची मुलगी चौथीनंतर पुढेही शिकली.

दर फाल्गुनात एक शनिवार आमचा असायचा. अक्का ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून आणायची. आम्ही त्या झाडाखाली बसून जेवायचो. ती होळीची लेंगी गाणी गुणगुणायची. मी अर्थ विचारला की तोंडाला पदर लावून हसायची. "मास्तरणीला सांगायासारखं न्हाई ते." अकरा वर्षांत तिनं एकाही गाण्याचा अर्थ सांगितला नाही. झाडावरचं फूल तोडायचं नाही, खाली पडलेलं घ्यायचं, एवढा एकच नियम होता. मी ओंजळभर फुलं पदरात बांधून न्यायचे आणि खोलीत ताटलीत पाण्यावर ठेवायचे. दोन दिवस ती तशीच टवटवीत राहायची. त्या दोन दिवसांत मला भाड्याची ती खोली आवडायची.

पुढं बदली होऊन मी हिंगोलीत आले. मुलं मोठी झाली, अक्काच्या मुलीचं लग्न झालं, फाट्यापासून तांड्यापर्यंत डांबरी रस्ता झाला. पण फाल्गुनात तिचा फोन यायचाच. "फुलला बाई. या." एवढंच बोलून ठेवायची. मग मी सेनगावची एसटी पकडायची. नवऱ्याला सांगायचे, "शाळेच्या जुन्या कामाला चाललेय." त्यांना कधी शंका आली असेल तर त्यांनी बोलून दाखवली नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्याकडे नवा फोन आला होता. झाडाचा फोटो काढताना अक्कानं विचारलं, "ह्याच्यात कायला घालता त्याला?"

"मला घरी बघायला," मी म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

त्यानंतर महिन्याभरानं बहीण जपानला गेली.

ग्रुपवर फोटो टाकून थांबले असते तरी निभावलं असतं. पण बहिणीनं लिहिलं, "पिवळा पळस? काहीतरीच. फोटोवर रंग चढवलाय कुणीतरी." आता मला खोटं ठरवलेलं चालत नाही. मी पत्ताच लिहून दिला. सेनगावहून कुठल्या रस्त्यानं यायचं, कुठल्या फाट्यावर वळायचं, तांडा कुठल्या हाताला ठेवायचा, नाल्याचं कितवं वळण. जन्मभर मुलांना अर्धवट उत्तर लिहू नका म्हणून सांगत आले, तर मी तरी कसं लिहिणार. बहिणीनं टाळ्यांचं चित्र पाठवलं आणि मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या फाल्गुनात माझ्या भाच्यानं, म्हणजे या बहिणीच्या मुलानं, इंटरनेटवर कुठंतरी एक यादी टाकली. 'गर्दी टाळून वसंत बघायच्या पाच जागा.' त्यात तिसरी जागा होती 'मराठवाड्याचा चेरी ब्लॉसम'. फोटो माझा आणि खाली पत्ता माझा, जसाच्या तसा, स्वल्पविरामासकट. त्यानं कौतुकानंच मला पाठवली. मी त्याला फोन करून ती काढायला लावली, पण तोवर ती कुठल्या कुठं पोचली होती.

अक्काचा फोन आला तेव्हा ती जरा खूशच होती. "बाई, लांबलांबच्या गाड्या येऊन राहिल्यात. पोरी साड्या नेसून फोटो काढून राहिल्या." दुसऱ्या फोनमध्ये तिनं फांद्या मोडल्याचं सांगितलं. तिसरा आला तेव्हा आवाज बसला होता. "झाडाला लिंबं बांधलेत कुणी तरी. तुमी या."

मी गेले. एका बाजूनं साल माणसाच्या उंचीपर्यंत सोललेली होती. बुंध्याच्या तीन अंगांना खड्डे, त्यांत कुंकू, नारळाच्या करवंट्या, तोडलेल्या मुळ्यांची पांढरी टोकं. अक्का उकिडवी बसून हातानं खड्ड्यात माती लोटत होती.

"मुळी काढायची बी रीत असती बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोरासाठी आमी लाल पळसाची काढतो. एका अंगाची एकच काढावं, वरून माती लोटावं, मग दोन वर्सं त्या झाडाला हात लावू न्हाई. ह्यांनी तं तीन अंगांनी कापलं."

मीही शेजारी बसून माती लोटायला लागले.

"दिरानंच सांगितलं असंल," ती म्हणाली. "पितो अन् बडबडतो. लई शिव्या घातल्या मी त्याला. होळीला बी घरात घेतलं न्हाई."

गप्प बसता आलं असतं मला. दीर तसाही बदनाम होता, आणि अक्काकडे साधा फोन, तिला कधीच कळलं नसतं. एक मिनिट मी गप्प बसलेही. मग सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "काहून सांगितलं बाई?"

"बहिणीनं जपानची फुलं दाखवली. मला राग आला." एवढंच कारण होतं. मनात असताना ते बरंच मोठं वाटलं होतं, त्या खड्ड्यापाशी बोलले तेव्हा मला माझीच लाज वाटली.

ती पुन्हा माती लोटायला लागली. खड्डा भरत आल्यावर एकच वाक्य बोलली. "दिराला शिव्या घातल्या मी."

घरून शेण आणि चिकणमाती आणून आम्ही दोघींनी सोललेल्या बुंध्याला लेप दिला. ऊन डोक्यावर आलं होतं. मग तिनं मला घरी नेऊन जेवू घातलं. निघताना पिशवीत मूठभर ओला हरभराही टाकला. मला वाटलं, झालं, माफ केलं तिनं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

गेल्या वर्षी फाल्गुनात तिचा फोन आला नाही. मी आपणहून गेले. तिनं मला माळावर नेलं. झाड उभं होतं, पण एकही फूल नाही. काड्या वाळल्या होत्या. आम्ही पाच मिनिटं उभ्या राहून परत आलो.

यंदाही फोन आला नाही. होळीला दोन दिवस असताना मीच केला, तो तिच्या मुलीनं उचलला. पहिलीतली ती मुलगी आता स्वतः अंगणवाडी चालवते, सणाला माहेरी आली होती.

"बाई! आई न्हाई घरी, पळसाकडं गेली. रोजच जाती. औंदा दोन फांद्या फुलल्या ना! तुमाला सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

"सांगणार असेल," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी चपला शोधायला लागले, बारा वाजताची सेनगाव गाडी मिळेल का त्याचा हिशेब करायला लागले. नवऱ्याला हाक मारून खरं काय ते सांगून टाकलं. झाड जगलं होतं.

अर्ध्या तासात अक्काचा फोन आला. "पोरगी म्हनली बाईचा फोन व्हता." आवाज नेहमीसारखा. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, यांच्या साखरेची केली, सोयाबीनचं सांगितलं. मी वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "अक्का, आपला पळस काय म्हणतो?"

"कायचा पळस बाई. वाळून गेला. लाकूड झालं त्याचं. आमचे मालक सरपणाला तोडावं म्हनून राहिलेत. जाऊ द्या आता. तुमी या कधी तरी घरी."

माझ्या हातात चप्पल तशीच होती. इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. फार लागलं मला. पण सासऱ्यानं राखलेलं झाड तिला राखायचं होतं आणि कुणापासून राखायचं हे तिला आता नीट ठाऊक होतं. तिच्या जागी मी असते तर मीही मला सांगितलं नसतं.

"अरेरे, फार वाईट झालं," मी म्हणाले. मी विश्वास ठेवलाय हे तिला पटावं म्हणून थोडी रडलेही. रडायला काही कष्ट पडले नाहीत.