अंगठा लावला की पैसे

आडवण ग्रामस्थ मंडळाची मुंबईतली बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत भरते. वर्ग तिसरीचा. बाकं इतकी बुटकी की साठी-सत्तरीची माणसं गुडघे हनुवटीला लावून बसतात, आणि फळ्यावर बहुधा शनिवारचा पाढा तसाच राहिलेला असतो. सहदेवभाऊ परब या मंडळाचे खजिनदार. गिरणी बंद पडल्यावर ते लालबागहून मुलुंडला आले, एका हत्यारांच्या कारखान्यात लागले, पुढे तोही बंद पडला. पण मंडळाची खजिनदारी मात्र कुणी काढून घेतली नाही. माणूस सरळ, हात स्वच्छ आणि कुणाला उलट बोलणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. यातली तिसरी गोष्ट मंडळाला सर्वांत सोयीची होती.

जुलैत आडवणच्या डोंगराचा कडा खाली आला. माणूस दगावलं नाही, पण गुरं गेली आणि एक्केचाळीस घरांची पडझड झाली. मंडळाने वर्गणी काढली. गावचा एक मुलगा गोरेगावच्या एका कंपनीत आहे. त्याने खटपट करून कंपनीच्या ट्रस्टकडून वर्गणीच्या कितीतरी पट रक्कम मिळवली. ट्रस्टची अट अशी, की तलाठ्याच्या पंचनाम्यात ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येक घराला सारखे पंचवीस हजार मिळाले पाहिजेत. ते कोणत्या मार्गाने द्यायचे हे मंडळाने ठरवायचं आणि कळवायचं.

पंचनाम्यात एक नाव होतं, रुक्मिणी धोंडिराम घाडी. सहदेवभाऊंची धाकटी बहीण. तिच्या घराची मागची भिंत चिखलाने आत ढकलली होती.

अकरा वर्षांपूर्वी गावाने देवळाकडे जाणारा रस्ता धोंडिरामच्या माडांच्या बागेतून काढायचं ठरवलं. धोंडिराम कोर्टात गेला. गावाने त्याला वाळीत टाकलं. दुकानदाराने मीठ देणं बंद केलं, गिरणीवाल्याने दळण, जीपवाल्यांनी जागा. त्या घराची पायरी चढेल त्याला दंड, आणि दंड भरला नाही तर तोही बाहेर. पुढे धोंडिराम वारला, त्याची केसही थंडावली. बाग गेली, रस्ता झाला. बहिष्कार मात्र उठला नाही, कारण आता उठवा असं म्हणायला कुणी पुढे आलं नाही. पुढे यायला हवं होतं ते सहदेवभाऊंनी. ते दर गणपतीला गावी जात, स्वतःच्या घरात आरती करत, आणि बहिणीचं घर हाकेच्या अंतरावर असून त्या वाटेला फिरकत नसत. तिच्याशी ते बोलत ते मुलुंडहून, फोनवर.

ऑगस्टच्या बैठकीला अध्यक्ष अनंत राणे प्रस्ताव ठरवूनच आले होते.

"पाकिटं करायची. गणपतीच्या आधी देवळात सगळ्यांना बोलवायचं, गाऱ्हाणं घालायचं, एकेकाचं नाव पुकारायचं. नारळ आणि पाकीट. फोटो काढायचे, ट्रस्टला धाडायचे. विषय संपला."

"काका, दहा लाखांवर रोख घेऊन जाणार कोण?" ऋतिका सावंतने विचारलं. ही भांडुपच्या एका पतपेढीत कामाला. मंडळाच्या कमिटीवरची पहिलीच बाई.

"मी जाणार. माझी गाडी आहे."

"आणि जे देवळात आले नाहीत, त्यांचं?"

कोण येणार नाही, म्हणजे कुणाला येऊ दिलं जाणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"त्यांची पाकिटं मानकऱ्यांकडे राहतील. मागायला आले की मिळतील."

"मागायला."

"मग काय, घरपोच? पिझ्झा आहे काय गं तो?"

सगळे हसले. सहदेवभाऊंनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मला वाटतं, प्रत्येकाच्या खात्यात टाकावेत."

"भाऊ, तुम्हाला बँकेचं कौतुक कधीपासून?" अनंत राणे मागे वळून म्हणाले. "गिरणीचा पगार तर पाकिटातच घ्यायचात ना? आणि पाकीट घरी पोचेपर्यंत हलकं व्हायचं!"

पुन्हा हशा. सहदेवभाऊसुद्धा हसले. मग रात्रभर घोळवलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं: ट्रस्टची माणसं उद्या तपासायला आली तर फोटोपेक्षा बँकेची नोंद बरी, मंडळाकडे कुणी बोट दाखवायला नको. बहिणीचं नाव त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या कुणीही घेतलं नाही.

मग बरीच वाटाघाट झाली. कुणी म्हणालं मोबाइलवरून धाडा, तर निम्म्या घरांत म्हाताऱ्या आणि त्यांचे बटणांचे फोन. कुणी म्हणालं चेक द्या, तर चेक भरायला तालुक्याला कोण जाणार? कड्याने घाटाचं वळण खाऊन टाकलेलं, एसटी खालच्या फाट्यावरूनच परत फिरते. तेव्हा ऋतिकाने समजावून सांगितलं, की तालुक्याला जायची गरजच नाही. गावच्या दुकानदाराकडे बँकेने छोटं मशीन दिलंय. आधारचा नंबर सांगायचा, बोट टेकवायचं, आणि खात्यातले पैसे दुकानदार हातात देतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत.

"अंगठा लावला की पैसे?" सहदेवभाऊंनी खात्री करून घेतली.

"अंगठा लावला की पैसे, काका."

बँकेच्या नोंदीचा मुद्दा अनंत राण्यांना मनातून पटला असावा. त्यांनी फारसं ताणलं नाही. खात्यांचा ठराव झाला.

बाहेर पडल्यावर ऋतिका त्यांच्याबरोबर मिठागर रोडपर्यंत चालत आली. "काका, रुक्मिणीआत्याचं नाव घ्यायला हवं होतं तुम्ही."

"नाव घेतलं असतं तर पाकिटंच झाली असती."

"वाळीत टाकणं गुन्हा आहे. कायदा झालाय त्याचा."

"ठाऊक आहे. धोंडिरामने पोलीस आणले होते ना. सगळे म्हणाले, छे हो, कुणी टाकलंय वाळीत? दुकान उघडं आहे, जीप उभी आहे, यांनाच कुणाशी जमत नाही. त्यावर काय लिहून घेणार?" थोडं चालून ते म्हणाले, "मी एकदा मनीऑर्डर केली होती तिला. पोस्टमन गावचाच. पत्त्यावर मिळत नाहीत, असा शेरा मारून परत आली. सारा जन्म एका घरात काढलेली बाई पत्त्यावर मिळत नाही."

"आता तसं नाही होणार. पैसे थेट तिच्या खात्यात."

त्या आठवड्यात सहदेवभाऊंना बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोप लागली. पैसे जमा झाले तसे ऋतिकाने मोबाइलवर दाखवले. प्रत्येक नावापुढे हिरवी खूण, रुक्मिणीच्याही. त्यांनी लगेच फोन लावला.

"रुक्मे, पैशे जमा झालेत. दुकानात जा, अंगठो लाव."

"दुकानात?" ती जरा थांबली. "बरां. जातंय."

चार दिवसांनी त्यांनी विचारलं, मिळाले का. मिळाले नव्हते. मशीन बंद होतं. पुढच्या सोमवारीही बंद होतं. गणपती चार दिवसांवर आले तरी ती ताडपत्रीमागेच झोपत होती, आणि पलीकडच्या गावचा एक गवंडी यायला तयार होता, पण रोख मिळाल्याशिवाय नाही.

"अगो, मशीन इतके दिवस बंद कसां?"

"बंद खंय आसा, दादा? माझ्या पाठसून सावतांची शांता इली, तिका मिळाले. येसूक मिळाले. माका बघलां की मशीन बंद पडता."

सहदेवभाऊंनी दुकानदाराला फोन केला. तो आधी नेटवर्कबद्दल बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, तुम्ही शहाणे. माका हयच दुकान चालवचां आसा."

हेच उत्तर ते स्वतःला अकरा वर्षं देत आले होते. आणि आता तर नातीचं, निधीचं, लग्न अनंत राण्यांच्या पुतण्याशी ठरलं होतं. मार्गशीर्षातली तारीख होती. हॉलचं बुकिंग झालं होतं.

त्या वर्षी ते गणपतीला गेले नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गणपती झाल्यावर, मुलाला, सुबोधला, ट्रस्टच्या कामासाठी जातो असं सांगून, ते एकटेच निघाले. रुक्मिणीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की सकाळी फाट्यापर्यंत चालत ये, तिथून तालुक्याची एसटी धर, बँकेत मी बरोबर असेन. एसटीचा कंडक्टर बाहेरचा. वाळीत कोण आणि मानकरी कोण, त्याच्या लेखी तिकीट सारखंच.

तालुक्याच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा त्यांनी तिला आधी ओळखलं नाही. फोनवरचा आवाज अजून तरुण होता. पायांत झिजून सैल झालेल्या चपला, घोट्यापर्यंत लाल चिखल, केस सगळे पांढरे. तिने मात्र त्यांना लांबूनच ओळखलं.

"किती बारीक झालंस रे, दादा. सून जेवूक घालता मां?"

बँकेत अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. कॅशिअरने स्लिपवर सही घेतली (रुक्मिणी चौथीपर्यंत शिकलेली, तिला अंगठ्याची गरज नव्हतीच), नोटा मशीनमधून फरफर काढल्या आणि काचेखालून सरकवल्या. ज्या पैशांसाठी मंडळाची एवढी डोकेफोड झाली होती ते इतके सहज हातात आले, की सहदेवभाऊंना कसंसंच झालं. तिने ते पिशवीत, तांदळाच्या पुडीखाली ठेवले.

स्टँडवरच्या हॉटेलात त्यांनी चहा आणि भजी घेतली. ती गवंड्याबद्दल बोलली, चिऱ्यांच्या दराबद्दल बोलली, म्हशीच्या कासेला झालेल्या जखमेबद्दल बोलली. तक्रार एकही केली नाही. मग एसटी लागली.

"चल, मी येतंय तुझ्यावांगडा," सहदेवभाऊ म्हणाले. "भिंत बघतंय. आजची रात्र रवतंय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "खंय रवतलंस? माझ्या घरात?"

"तर खंय?"

"वेडो झालंस? निधीचां लगीन आसा. माझी पायरी चढलंस तर राणे उद्याच मोडतीत." तिने पिशवी छातीशी घेतली. "तू येव नको. तू हयसर इलंस, माका पोचला ता."

त्यांनी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. ती एकदा नको म्हणाली, आणि त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. तो उतरला हे त्यांना स्वतःलाच कळलं, आणि ते तिच्याही लक्षात आलं असणार, कारण तिने चटकन तोंड फिरवलं.

एसटीच्या पायरीवर पाय ठेवून तिने पदराची गाठ सोडली. "ह्यां धर. शंभर आणि एक. मंडळाची वर्गणी. ते असताना आमी दर वर्षी भरत होतंव. पावती नको."

"अगो, पण मंडळ तुझी वर्गणी..."

"म्हणान तर तुझ्याकडे दितंय. खजिनदार मां तू?"

गाडी सुटली. ते मुलुंडला परत आले.

गवंडी दोन दिवस आला. भिंत कमरेइतकी वर आली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला वाटेत गाठलं, आणि त्याचा फोन लागेनासा झाला. उरलेल्या पैशांचं काय करणार, असं सहदेवभाऊंनी फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "ऱ्हवांदे. भात खाता काय ते?" आणि दुसरंच काही बोलायला लागली.

ऑक्टोबरच्या बैठकीत अनंत राण्यांनी ट्रस्टला पाठवायचा अहवाल वाचून दाखवला. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस खाती, शंभर टक्के मदत पोचली, सर्व लाभार्थ्यांनी रक्कम काढली. खाली अध्यक्षांची सही झालेलीच होती. खजिनदाराची बाकी होती. कागद बाकांवरून हातोहात सरकत सहदेवभाऊंपुढे आला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी सही केली.

मग त्या महिन्याच्या वर्गण्या वाचायचं काम त्यांचं. नाव आणि रक्कम वाचायची, लोक टाळी वाजवतात, अशी मंडळाची जुनी पद्धत. चंद्रप्रकाश परब, पाचशे. टाळ्या. मिहिर घाडी, हजार. टाळ्या. पुढच्या ओळीवर ते अडखळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर, मुलांच्या बुटक्या बाकावर, होणारे व्याही गुडघे आवळून बसले होते आणि त्यांच्याकडे बघून मायेने हसत होते.

"एक हितचिंतक," सहदेवभाऊंनी वाचलं. "एकशे एक."

टाळ्या वाजल्या. इतरांना वाजल्या तेवढ्याच.

बैठक संपल्यावर ऋतिका बाकं सरळ करायला थांबली. "काका, हा हितचिंतक कोण?"

"आहे," सहदेवभाऊ म्हणाले. "गावचंच माणूस." आणि फळ्यावरचा पाढा पुसायला वळले. तो पुसायची काहीच गरज नव्हती.