मावशीचा खतखड्डा

लग्नानंतर मी सासूबाईंबरोबर नाशिकच्या एका भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकायला बसू लागले. आमच्या शेजारच्या ओट्यावर मखमलाबादकडची एक मावशी झेंडू, शेवंती विकायची. ओट्यांमागे कोबीचा पाला, सडके टोमॅटो, कोमेजलेली फुलं आणि कॅरीबॅगा असा सगळा एकच ढीग पडायचा.

एकदा त्या ढिगावर चरणारी गाय आमच्यादेखत पोट फुगून मेली. दुसऱ्या दिवशी मावशी कुदळ घेऊनच आली. मागच्या पडीक जागेत तिनं खड्डा खणला आणि ओट्याओट्यावर जाऊन सांगितलं, "पाला मला द्या, पिशव्या भंगारवाल्याला. मिसळाल तर मी हाय न् तुम्ही हाय."

आधी लोक हसले. मग द्यायला लागले. मावशी आणि मी रोज खड्ड्यातला पाला वरखाली करायचो, हाताचा वास घरी जेवतानाही जायचा नाही. पण उन्हाळ्यात खड्ड्यातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं तेव्हा मावशीनं ते नाकाला लावलं आणि न्हालेलं लेकरू हुंगावं तशी हसली. बाजार कमिटीनं तिला शाल दिली, फोटो काढले.

पुढच्या दिवाळीआधी एका सकाळी आलो तर खड्ड्यावर डबर टाकून जागा सपाट केलेली. पार्किंग होणार होतं. मावशीनं घरच्या झेंडूच्या पुढच्या लागवडीसाठी राखलेलं खतही डबराखाली गेलं होतं.

मावशी तडक कमिटीच्या अध्यक्षांकडे गेली. मी सोबत होते.

"सायेब, सांगितलं असतं तर खत तरी काढलं असतं."

"मावशी, गिऱ्हाइकानं गाडी डोक्यावर लावायची का? शिवाय वासाच्या तक्रारी होत्या."

"वास तुमच्या ढिगाचा यायचा. खताला वास नाय."

ते मोबाईल बघत राहिले. मग मीच चढ्या आवाजात म्हणाले, "मग शाल कशाला दिली होती? गप्प बसवायला?"

त्याचं फळ आठवड्यात मिळालं. आमचा ओटा काढून घेऊन मुतारीशेजारचा दिला. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. ज्यांचा पाला आम्ही उपसला, त्यातलं कुणीही आमच्या बाजूनं बोललं नाही.

मावशीनं बाजार सोडला. परवा गंगापूर रोडला दिसली, टेम्पोच्या मागे फुलं मांडून बसलेली. चहा पाजला तिनं. नवं पार्किंग कसं चाललंय, असं तिनं विचारलं.

"भरलेलं असतं," मी म्हणाले.

"असणारच," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला शेवंती तोलून द्यायला लागली.