गोरक्ष सरांच्या फळ्यावरची मेंढी

नारायणगावातल्या एका ज्युनियर कॉलेजात गोरक्ष सर अकरावीला गणित शिकवतात. माणूस भला, पण तोंडाचा फटकळ. ‘कळलं का?’ म्हटल्यावर वर्गानं नुसत्या माना डोलावल्या की त्यांचं डोकंच फिरतं. “मान बैलपण हलवतो. फळ्यावर या,” म्हणतात.

यंदा गाडी अडली ती फंक्शनच्या पोटात फंक्शन घालण्यापाशी. एफ म्हणजे तीन मिळवा, जी म्हणजे वर्ग करा. मग एफ ऑफ जी ऑफ दोन किती? आतलं आधी करायचं. दोनाचा वर्ग चार, त्यात तीन, झाले सात. पण एफ आधी लिहिलाय म्हणून निम्मी पोरं तीनच आधी मिळवायची आणि पंचवीस काढून मोकळी व्हायची. त्यात खोडदची प्रांजल सगळ्यांच्या पुढं. दोन चाचण्यांत ती नापास झाली, तेव्हा तिचे वडील सोमाजी येऊन सरांकडे अर्ज देऊन गेले. पोरीचं गणित काढून दुसरा विषय द्या. मुदत शनिवारपर्यंत. पोरीला जायचं होतं इंजिनिअरिंगला, आणि गणित गेलं की तो रस्ताच बंद. सरांची सही तेवढी राहिली होती. अर्ज खिशात घेऊन फिरताना त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी आकडे बाजूला ठेवले. प्रांजलच्या घरी मेंढरं होती. सरही त्याच मेंढपाळ समाजातले, पण त्यांच्या आजोबांनीच मेंढरं विकून टाकलेली. सर वाढले वारूळवाडीत, वह्या-पुस्तकांत. त्यांनी फळ्यावर मेंढी काढली. ती कुत्र्यासारखी दिसत होती, पण बोलायची कुणाची टाप नव्हती.

“एफ म्हणजे धुणं, जी म्हणजे कातरणं,” सर म्हणाले आणि एफ ऑफ जी ऑफ मेंढी असं ठसठशीत लिहिलं. “आपल्याकडं हेच करतात.”

जूनपासून तोंड न उघडलेल्या प्रांजलनं हात अर्धा वर केला. “सर, हे उलटं झालं.”

“कसं काय?”

“तुमी मेंढी आधी कातरली. मग धुऊन काय उपयोग? लोकर मातीकुसळांसकट गेली. आमी आधी नदीवर धुतो, चांगली सुकू देतो, मग कातर लावतो.”

वर्गात खसखस पिकली. सरांचे कान तापले. पोरीवर खेकसणार, तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लखकन काहीतरी आलं.

“मी आधी कातरली, हे तुला कुणी सांगितलं? फळ्यावर तर धुणं आधी लिहिलंय.”

“कातरणं आत आहे ना, सर,” ती म्हणाली. बोलून गेली आणि मग स्वतःच फळ्याकडे बघत राहिली.

सरांनी खडू तिच्या हातात दिला. तिनं खाली एफ ऑफ जी ऑफ दोनचे सात काढले, मग एफ आणि जीची अदलाबदल करून पंचवीस. दोन्ही बरोबर. सरांना इतका आनंद झाला, की वर्गाला पाच मिनिटं आधीच सोडून दिलं.

मधल्या सुट्टीत सोमाजी सही न्यायला आले. सरांनी अर्ज सही न करताच परत केला. “भाऊ, हिनं आज माझी चूक काढली. मेंढरातली होती, पण गणित आल्याशिवाय ती सापडत नव्हती.”

सोमाजींनी पोरीकडे पाहिलं. “ऱ्हायचंय का गणितात?”

“राहायचंय.”

त्यांनी अर्ज फाडला आणि तुकडे खिशात घातले. मग जरा घुटमळत विचारलं, “पन मेंढरातली चूक कशी झाली, सर? तुमी तर आपल्यातलंच ना?”

वर्गात कुणालाही निरुत्तर करणारा माणूस तो. पण हातावरचा खडू झटकत सर खालच्या आवाजात म्हणाले, “आता धुवायला नदीवर न्याल, तेव्हा मला बोलवा. मी कधी पाहिलं नाही.”